मागचा झोपला तर पास

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. पहिल्याच तासाला मुलांना बजावायचो की कुठलंही मोजमाप त्रुटीच्या अंदाजाशिवाय लिहायचं नाही. 'लांबी दहा सेंटिमीटर' एवढंच लिहिलं तर मी गुण कापायचो. दहा, अधिक-उणे किती, तेही लिहा! आता स्वतःच्या आठवणी लिहायला बसलो तर प्रत्येक वाक्यापुढं अधिक-उणे घालावंसं वाटतं. काही ठिकाणी नुसतंच उणे.

मल्लूअण्णांचे किस्से मी जमवले नाहीत, ते साचले. दुपारी साडेतीनला आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत चहा व्हायचा. तिथं एकानं अण्णांचा एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवायचा, आणि अण्णा स्वतः कपबशा विसळत ऐकत असायचे. त्या चहाच्या मंडळीतले आम्ही तिघं उरलोय. सकाळी जुळे सोलापूर भागातल्या बागेत भेटतो आणि एकच किस्सा तिघं तीन तऱ्हांनी सांगतो. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं.

लिहिण्याआधी मी शंकांची यादी केली. चौदा निघाल्या. ती यादी घेऊन अण्णांच्या धाकट्या मुलीकडं, शिवलीलाकडं गेलो. तिनं चहा उकळेपर्यंत तेरा शंका मिटवल्या. राहिली चौदावी. मल्लूअण्णा त्या दिवशी माझ्यामागं गाडीवर खरंच झोपले होते का? ही शंका मी पंधरा वर्षं बाळगून होतो. ती शेवटी सांगतो, कारण आधीचं कळल्याशिवाय तिच्यात शंका घेण्यासारखं काय आहे ते कळणार नाही.

* * *

मल्लिनाथ हे अण्णांचं नाव. आमच्या विभागाचे लॅब असिस्टंट. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. घरी महानंदावहिनी, तीन मुली आणि एक जुनी काळी मोटारसायकल. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण ती बातमी अण्णांनी गाडीला कळू दिली नव्हती.

उंची सहा फूट दोन इंच, अधिक-उणे अर्धा. त्यातले निम्म्याहून जास्त पायच. गाडीवर पुढं बसोत की मागं, दोन्ही टाचा आरामात जमिनीला टेकायच्या. गाडी स्टँडला न लावता तिच्यावर बसूनच ते चहा प्यायचे. "मला स्टँड लागत न्हाई सर," म्हणायचे. "मीच हाय की!"

एकदा मी कौतुकानं म्हणालो, "अण्णा, ही गाडी म्हणजे तुमची चौथी मुलगीच."

अण्णांनी कप खाली ठेवला. "चौथी न्हवं सर. पहिली. ती लग्नाच्या आदीची हाय."

गाडीशी ते कन्नडमधून बोलायचे. किक मारताना हळूच "नडी, नडी" म्हणायचे, म्हणजे चल, चल. मी विचारलं, मराठीत बोललं तर चालत नाही का? म्हणाले, "चालंल की. पन घरच्या मानसाशी बाहेरची भाषा कशाला?"

* * *

प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते, आणि अकरा वाजता वीज गेली. आठ मुलं भिंगाचं नाभीय अंतर काढायला उभी, आणि दिवाच नाही. परीक्षक घड्याळ बघत होते. मी घामाघूम. काही सुचत नसलं की मी फळा पुसतो, तसा फळा पुसत होतो.

अण्णा दिसेनात. पाच मिनिटांनी व्हरांड्यातून 'फट फट' असा आवाज आला आणि दारातून मोटारसायकल आत आली! अण्णांनी ती टेबलासमोर उभी केली, हेडलाइटवर फटीचा पुठ्ठा चिकटवला आणि म्हणाले, "घ्या रे रीडिंग."

त्या गाडीचा दिवा इंजिनाच्या वेगावर कमी-जास्त व्हायचा. त्यामुळं मुलं भिंग सरकवताना ओरडायची, "अण्णा, जरा उजेड!" मग अण्णा ॲक्सिलरेटर पिळायचे, लॅब दणाणायची, प्रतिमा स्वच्छ उमटायची. आठही मुलांची उत्तरं बरोबर आली, ही त्या विभागाच्या इतिहासातली एकमेव वेळ.

परीक्षकांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'प्रकाशस्रोत उत्तम. धूर कमी करता आल्यास पाहावे.'

पुढच्या वर्षी कॉलेजनं जनरेटर घेतला. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

अण्णांना नुसतं बसलेलं मी फक्त गाडीवर पाहिलं. पहाटे चारला वहिनी कडक भाकऱ्या करायला बसायच्या. पाचला अण्णा भाकऱ्यांचा डबा मागं बांधून निघायचे, आठपर्यंत घरोघरी पोचवायचे. मग मुलींची शाळा, मग कॉलेज, आणि संध्याकाळी घरच्या ओट्यावर गल्लीतले पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. तीन मुली शिकल्या त्या अशा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी पातळ असते. आठ-पंधरा दिवस टिकते, पण एक धक्का सहन करत नाही. अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या चादरीच्या घड्या असायच्या, आणि घड्यांमध्ये भाकऱ्या. त्यांचा नियम असा की डब्यातली एक जरी भाकरी मोडली तर चूक भाकरीची नाही, चालवणाऱ्याची.

एका सोमवारी एक भाकरी मोडली. संध्याकाळी त्याच रस्त्यानं पुन्हा जाऊन अण्णांनी तो खड्डा शोधला. रविवारी सकाळी गाडीवर मुरमाची दोन पोती नेली, खड्डा बुजवला, वरून पाणी मारलं आणि धुम्मसानं ठोकला. येणारे-जाणारे त्यांना रस्त्याच्या कामावरचा माणूस समजून पुढचेही खड्डे दाखवू लागले. अण्णांनी तेही बुजवले!

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "गावाचे खड्डे बुजवताय. आपल्या न्हाणीतली फरशी सहा म्हैने झालं उखडलीय, ती दिसत न्हाई व्हय?"

अण्णा हातपाय धूत म्हणाले, "न्हाणीतनं भाकरी न्यायची असती का?"

* * *

तिन्ही मुली त्याच गाडीवरून शाळेत जायच्या. थोरली आणि मधली मागं, शिवलीला पुढं टाकीवर. गाडी सुरू झाली की तिघींना झोप लागायची. वहिनींच्या जुन्या इरकल लुगड्याची एक लांब पट्टी होती. त्या पट्टीनं अण्णा मागच्या दोघींना स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायचे. शिवलीलाला बांधायची गरज नव्हती, ती टाकीवर गाल टेकून पसरायची.

एकदा शाळेतून निरोप आला, वडिलांना बोलावलंय. बाई काळजीत होत्या. म्हणाल्या, "हिच्या गालावर रोज सकाळी एक गोल वळ असतो. घरी काही मारझोड होते का? खरं सांगा."

अण्णांनी वाकून वळ पाहिला. म्हणाले, "टाकीचं झाकण हाय बाई. धा वाजेपर्यंत जातंय."

(गाल डावा की उजवा, ही माझी तिसरी शंका होती. उजवा. शिवलीलानं लगेच हात लावून दाखवला. आता ती स्वतः शाळेत शिकवते.)

याच काळात अण्णांनी गाडी चालवण्याची परीक्षा ठरवली. त्यांच्या मते आर.टी.ओ.तल्या आठच्या आकड्याला काही अर्थ नव्हता. "मागचा मानूस झोपला तर चालवनारा पास," असं ते म्हणायचे. "जागा राहिला तर नापास. झोप काय मागून येत न्हाई सर, भरवसा असला की येती."

* * *

मलाही एकदा झोप लागली. पण ते सांगायचं तर पीएच.डी.चं सांगायला हवं.

प्रबंध सादर करायचा शेवटचा दिवस होता. चार प्रती बांधून घेतल्या होत्या आणि आदल्या रात्री पहाटेपर्यंत प्रत्येक प्रत तीनदा तपासली होती. त्यामुळं सकाळची गाडी चुकली. मी स्टेशनावर प्रबंध पोटाशी धरून उभा. विद्यापीठ अडीचशे किलोमीटर लांब. आमच्या हिनं घरून अण्णांना निरोप पाठवला असावा, कारण वीस मिनिटांत ते आले आणि म्हणाले, "बसा."

मी बसलो. पहिले शंभर किलोमीटर मी दर अर्ध्या तासानं अण्णांना गाडी थांबवायला लावत होतो. एकदा प्रती चारच आहेत ना ते पाहायला. एकदा पान एकशे बारा जागेवर आहे का ते पाहायला. एकदा उगीचच. चौथ्या वेळी अण्णांनी ती इरकल पट्टी काढली, मला स्वतःशी करकचून बांधलं, प्रबंध आमच्या दोघांच्या मध्ये घातला आणि म्हणाले, "आता हालू नका."

मला थेट विद्यापीठाच्या फाटकात जाग आली. चार वाजले होते. अण्णा आमच्या कमरेची गाठ सोडत होते, आणि खिडकीतला कारकून हे सगळं उभा राहून बघत होता.

त्यानं अण्णांना हळू आवाजात विचारलं, "ह्यांना कुठून आणलंत?"

अण्णा म्हणाले, "सोलापूरहून. पीएच.डी.चे हायत."

"असं होय," असं म्हणून त्यानं माझ्याकडं न बघता अण्णांकडूनच कागद घेतले.

* * *

थोरलीला टेंभुर्णीचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, पोहे खाऊन झाले. सगळ्यांना पसंत. अण्णा उठले आणि मुलाला म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ. गाडी तुमी चालवा."

मुलगा खूश झाला. अण्णा मागं बसले. दोघं होटगी रस्त्यानं गेले आणि पाऊण तासानं आले. मुलगा हसतमुख. अण्णा गंभीर.

वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. मी तिथंच पाणी पीत होतो. अण्णा म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन मला झोप आली न्हाई."

"अहो, लगीन पोरीचं हाय! तुमाला झोप कशाला पायजे?"

"पोरगी जल्मभर मागं बसनार. तिला झोप याया नको?"

पेच पडला. बाहेर पाहुणे खोळंबलेले. तेवढ्यात थोरली आत आली. मुली अण्णांना अप्पा म्हणायच्या. म्हणाली, "अप्पा, मी कशाला मागं बसू? मी चालवीन. ते झोपतील."

अण्णांनी दोन मिनिटं विचार केला. मग बाहेर जाऊन होकार सांगितला.

पुढं मधल्या आणि धाकट्या जावयाचीही परीक्षा झाली. दोघंही नापास, दोघांचीही लग्नं झाली. भाचा नापास. मेहुणा नापास. आमच्या विभागातले गाडी चालवणारे सगळे नापास. अण्णा कुणाच्याही मागं कधीही झोपले नाहीत, हे ध्यानात ठेवा. आणखी एक सांगायचं राहिलं. मला प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "सर, आता एकटे तुमीच राहिलात. एकदा तुमी चालवायची. मी मागं झोपनार."

मी हसून विषय बदलायचो. बी.एस्सी.पासून पीएच.डी.पर्यंत मी कुठल्या परीक्षेत नापास झालो नव्हतो, आणि या परीक्षेला मी बसलोच नव्हतो.

* * *

मी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. लर्निंग लायसन्स मी सहा वेळा काढलं. दर वेळी मुदत संपेपर्यंत मी आधी वाचन करायचो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांनी मला कॉलेजच्या मैदानावर नेलं. बसण्यापूर्वी मी त्यांना समजावून सांगितलं, की फिरत्या चाकाला स्वतःची दिशा टिकवायची प्रवृत्ती असते, जायरोस्कोपसारखी. त्यामुळं तत्त्वतः गाडी स्वतःच सावरते. चालवणाऱ्यानं फक्त अडथळा आणायचा नाही. मी मातीत आकृतीही काढली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हे तिला सांगू नका सर. ती पडंल."

मैदान चार एकरांचं, अधिक-उणे अर्धा एकर. त्यात एकच लिंबाचं झाड. अण्णा म्हणाले, "एवढं ध्यानात ठेवा. जिकडं बघाल तिकडं गाडी जाती. त्या झाडाकडं बघू नका."

मी तोवर झाडाकडं बघितलंच नव्हतं.

मला फारसं लागलं नाही. गाडीचा दिवा फुटला. अण्णा धावत आले, मला उठवलं, कपडे झटकले आणि मग गाडीपाशी जाऊन कन्नडमध्ये बराच वेळ काहीतरी समजावत राहिले. मी विचारलं, काय सांगताय? म्हणाले, "सांगितलं, मोठा शिकल्याला मानूस हाय, राग धरू नको."

* * *

आता ती चौदावी.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी अण्णांना झटका आला. हलका होता. पाय ठणठणीत राहिले, बोलणं शाबूत राहिलं, पण डावा हात गेला. डॉक्टर म्हणाले, "चमचा धरता येईल. क्लच नाही."

अण्णांनी गाडी ओट्याशेजारी लावली आणि रोज पुसायला लागले. मी जायचो. ते गाडीबद्दल बोलायचे नाहीत, मीही नाही. डावा हात मांडीवर ठेवलेला असायचा, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

नागपंचमी जवळ आली. अण्णांची थोरली बहीण होटगीला. तिला अक्का म्हणत. अक्कांना पंचमीला माहेरी आणायला भावानं स्वतः जायचं, हा त्यांचा रिवाज, आणि चाळीस वर्षं अण्णा त्याच गाडीवर गेले होते. भाचा फोनवर म्हणाला, मामा, मी आणून सोडतो. अण्णा म्हणाले, "तू आनल्यावर ती पाव्हनी झाली. मी आनल्यावर बहीन."

जावई दुसऱ्या दिवशी येणार होते. रिक्षा म्हटलं तर अण्णा फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. मी सहज म्हणालो, "मग कसं करायचं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींनीही बघितलं. माझ्या खिशात सातवं लर्निंग लायसन्स होतं.

"मागं पक्क्या लायसनवाला बसला की चालतंय," अण्णा म्हणाले. "माजं पक्कं हाय."

त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहिण्याचा प्रयत्न मी तीनदा केला आणि खोडलं. एवढंच लिहितो की मी नाही म्हणालो असतो तर अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नसतं. ते मला झाडापेक्षा जास्त भयंकर वाटलं.

अण्णा नवं धोतर नेसून, सणासाठी घेतलेली नवी कोरी चामड्याची चप्पल घालून तयार झाले. वहिनींनी अक्कांसाठी बारा कडक भाकऱ्या चादरीच्या घडीत बांधून दिल्या. अण्णा मागं बसले. डाव्या हातानं धरता येत नव्हतं, म्हणून इरकल पट्टी माझ्या हातात दिली. "बांदा सर." मी आम्हा दोघांना बांधलं. गाठ मी तीनदा तपासली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तुमी चालवा," अण्णा म्हणाले. "मी झोपतो."

आणि आसरा चौकापर्यंत पोचायच्या आत त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. मागून घोरणं ऐकू यायला लागलं!

मी वेग ताशी पंधराच्या वर जाऊ दिला नाही. सुरुवातीला हँडल थरथरत होतं. वळणावर गाडी एका अंगाला कलायची, मला वाटायचं गेलो, आणि नेमकी त्याच वेळी ती आपोआप सावरायची. एकदा झालं. दोनदा झालं. खड्ड्यात कलली, सावरली. म्हशी आडव्या आल्या, थांबताना कलली, सावरली. मी मनात म्हणालो, तत्त्व बरोबर होतं! अडथळा आणायचा नाही, एवढंच! मागून मधूनमधून खर्र, खर्र असा आवाज यायचा. त्यातला काही घोरण्याचा, काही साखळीचा असावा.

एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून पुढं गेला. वळून त्यानं आमच्याकडं बघितलं, मग खाली कुठंतरी बघितलं आणि हसत सुटला. मला वाटलं, मागच्या चाकात हवा कमी असेल.

रेल्वे फाटकापाशी गाडी बंद पडली. मी तीनतीनदा किक मारली. पाठीवरून झोपेतल्यासारखा आवाज आला, "नडी." ती सुरू झाली.

तेरा किलोमीटरला सव्वा तास लागला. अक्कांच्या दारात मी गाडी थांबवली, तेव्हा अण्णा जागे झाले. जांभई दिली. "आलं व्हय?" म्हणाले. "लई गाढ लागली."

अक्कांनी चादरीची घडी उघडली. बारापैकी एकही भाकरी शिल्लक नव्हती. नुसता चुरा.

मी मान खाली घातली. अण्णा अक्कांना म्हणाले, "तुला दात न्हाईत म्हनून चुरूनच आनल्या." अक्का चुरा चिमटीत घेऊन माझ्याकडं आणि अण्णांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मल्लू झोपला? दिवसा? बैलगाडीत कदी झोपला न्हाई त्यो!"

भाऊ न्यायला आला, रिवाज पाळला गेला; पण गाडीवर तिघं मावत नव्हतो, म्हणून परत येताना भाच्यानं अक्कांना त्याच गाडीवर आणलं. मी आणि अण्णा एस.टी.नं आलो. एस.टी.त अण्णा टक्क जागे होते. ड्रायव्हर नापास.

कुंभारीचं तिकीट मागणाऱ्या एका बाईंचं कंडक्टरशी भांडण चाललं होतं, त्या गडबडीत मी विचारून घेतलं. "अण्णा, खरं सांगा. पास?"

"पास की सर," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुमी एकटेच."

* * *

त्यानंतर अण्णा सहा वर्षं होते. मी पुन्हा विचारलं नाही. गाडी पुन्हा चालवलीही नाही. एकदा पास झालेल्या परीक्षेला कुणी पुन्हा बसत नाही. पण भाकऱ्यांचा चुरा डोक्यातून जात नव्हता. ज्या चालवण्यानं बाराच्या बारा भाकऱ्या मोडल्या, त्या चालवण्यात माणूस झोपतो कसा? ही दोन रीडिंग एकमेकांशी जुळत नव्हती. विद्यार्थ्यानं अशी आणली असती तर मी प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

म्हणून परवा शिवलीलाकडं यादीतली चौदावी शंका वाचली. "त्या दिवशी अप्पा झोपले होते का, काही बोलले होते का घरी?"

तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा सासरी होती, दुसऱ्या दिवशी आली. पण महानंदावहिनी हल्ली तिच्याकडंच असतात, त्या आत शेंगा सोलत बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. त्या उठल्या, भिंत धरत धरत गेल्या आणि कपाटाखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

अण्णांची पंचमीची चप्पल होती. वहिनींनी ती माझ्या हातात उलटी ठेवली.

मी चष्मा बदलून पाहिलं. पुढचा तळ कोरा होता. दुकानाचा शिक्का अजून वाचता येत होता. दोन्ही टाचा मात्र नव्हत्याच. तिरप्या घासून गेलेल्या, डावी जास्त, उजवी थोडी कमी. चामड्याचे थर एकाखाली एक मोजता येत होते. मी मोजले. चार. मग पुन्हा मोजले.

"एकच दिस घातल्याली," वहिनी म्हणाल्या. "सांच्याला मी लई बोलले त्यास्नी. म्हनलं, गाडीवर बसून गेलाय का चालत गेलाय? नव्या चपलीच्या टाचा कुटं गेल्या? तर काय म्हनले, म्हाईत हाय?"

"काय?"

"म्हनले, 'मला काय ठावं? मी तर झोपलो होतो.'"